उजव्या कोपऱ्यातले काका

७ जून

काका,

नमस्कार लिहिला तर तुम्ही तो घ्याल की नाही इथपासून शंका आहे, म्हणून सरळ मुद्द्यावर येते. गेले काही गुरुवार तुम्ही आमच्या घरी येताय आणि तुम्हाला त्याचा पत्ताच नाही.

मला वेड लागलेलं नाही. सांगते.

बाबांना विसरण्याचा आजार झालाय, हे तुमच्या सूनबाईंकडून तुमच्या कानावर आलंच असेल. माझं काम याच आजाराच्या माणसांबरोबर. पूर्वी आम्ही केंद्रात गोल खुर्च्या मांडून बसायचो, आता दर गुरुवारी दुपारी व्हिडिओ कॉलवर, पडद्यावर बसतो. सात-आठ आजी-आजोबा, आपापल्या घरून, प्रत्येकाच्या बाजूला घरचं एक माणूस. मी एखादा विषय काढते, शाळा म्हणा, पहिली नोकरी म्हणा, आणि मंडळी बोलतात. बरोबर-चूक काही नसतं. बाजूच्या माणसाने उत्तर पढवायचं नाही, एवढा एकच कडक नियम. आजार याने बरा होत नाही. पण माणूस माणसांत राहतो.

स्वतःच्या वडलांना स्वतःच्या गटात घ्यायचं नसतं. पण दुसरीकडे जागा नव्हती, आणि बाबा दिवस दिवस भिंतीकडे तोंड करून बसायला लागले होते. आमच्या केंद्राच्या मॅडमच्या मागे लागून लागून परवानगी काढली. त्यांनी अट घातली की गटात असेपर्यंत मी त्यांची मुलगी नाही. म्हणून बाबा आतल्या खोलीत टॅबलेटसमोर, शेजारी आई, आणि मी बाहेर माझ्या टेबलाशी. मधलं दार लावलेलं. तरी बाबांचा आवाज मला दोनदा ऐकू येतो, आधी दारातून आणि मग हेडफोनमधून.

दुसऱ्याच गुरुवारी बाबा पडद्याच्या उजव्या कोपऱ्याकडे बघून हसले. आई सांगत होती, त्यांनी कॉलर सारखी केली आणि तिच्या कानात म्हणाले, "दादा आलाय."

कोपऱ्यात कोण होतं? ते स्वतःच. आपलंही चित्र दिसतं ना छोट्या चौकटीत, ते. या आजारात कित्येकांना आपला चेहरा तरुणपणीचाच आठवतो, आणि पडद्यावरचा म्हातारा दुसराच कोणीतरी वाटतो. म्हणून पहिल्या दिवशीच आम्ही सगळ्यांना ते चित्र लपवायला सांगतो. मी घरोघरी फोन करकरून लपवून घेतलं आणि आपल्याच घरात बघायचं राहिलं. तेच टक्कल, तोच जाड काचांचा चष्मा, आणि नाक तर आपल्या घराण्यात एकाच साच्यातून काढलेलं. बाबांना ते तुम्ही वाटलात.

मी लगेच लपवायला निघाले होते. आई म्हणाली, राहू दे गं, किती दिवसांनी हसलेत. मग राहू दिलं.

तुम्ही काही करायचं नाहीये. फक्त कानावर घातलं. आजी गेली तेव्हापासून तुम्हा दोघांचा अबोला आहे, त्यात मी पडणार नाही. फोन तुम्ही उचलत नाही म्हणून पत्र. पत्र तरी फोडाल.

बाकी सगळं ठीक. काळजीचं कारण नाही.

तुमची पुतणी

२८ जून

काका,

'सगळं ठीक' असं मागे लिहिलं होतं, ते परत घेते.

तुम्ही येता पण बोलत नाही, अशी बाबांची तक्रार आहे. आता चित्र ओठ हलवतं, आवाज कुठून आणणार? मागच्या पत्रानंतरच्या गुरुवारी विषय होता पहिली कमाई. आमच्या गटात एक निवृत्त मुख्याध्यापिका आहेत, त्यांना सगळे हेडबाईच म्हणतात. त्या अगदी रंगात येऊन सांगत होत्या. आणि बाबा कोपऱ्याला विचारत होते, दादा, दुकानाची किल्ली कुठे ठेवलीस? मग त्यांनी टॅबलेटला कान लावला. मग पुन्हा विचारलं, मोठ्याने. हेडबाई थांबल्या आणि म्हणाल्या, मागच्या बाकावर काय चाललंय? सगळे हसले, मीही हसले. 

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर टॅबलेट टेबलावर पालथा, मागचं झाकण अर्धं उचकटलेलं आणि बाबांच्या हातात स्क्रूड्रायव्हर. तुम्हाला याचं नवल वाटणार नाही. जन्मभर तुम्ही दुकानात पुढे गिऱ्हाईक सांभाळलंत आणि त्यांनी मागे बसून रेडिओ दुरुस्त केले. आवाज येत नाही म्हटल्यावर त्यांनी दुसरं काय करायचं? मी ओरडले. या माणसांवर ओरडायचं नसतं, हे मी पगार घेऊन लोकांना शिकवते. बाबांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला आणि गिऱ्हाइकाला समजवावं तसं मला नीट समजावलं. त्या बाईंचा आवाज येतो. ड्रायव्हरचा येतो (हे आमच्या गटातले दुसरे आजोबा, जन्मभर ट्रक चालवला). आत काही तुटलेलं नाही, तार सुटलेली नाही.

"सेट बरा आहे," ते म्हणाले. "तोच बोलत नाही माझ्याशी."

काका, या माणसाला सकाळी काय खाल्लं ते दुपारी सांगता येत नाही. पण एकेक दोष बाजूला काढत तो नेमका तिथे पोचला.

पुढच्या गुरुवारी ते जेवलेच नाहीत. आईने ताट वाढलं तर म्हणाले, दादा येऊ दे. मग गट सुरू झाल्यावर कोपऱ्याला काहीतरी सांगायला बघत होते, पण ते तोंड उघडतात तेव्हा चित्रही तोंड उघडतं. मला बोलूच देत नाही हा, म्हणाले. ते गप्प झाले की तेही गप्प. हात जोडले, तर त्यानेही जोडले. त्याचा त्यांना अजूनच राग आला, आपली थट्टा चालवलीय असं वाटलं असणार.

म्हणून काल मी ते चित्र लपवून टाकलं. जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते. त्यानंतर बाबा जरा बाहेर जाऊन आले. बाकी विशेष नाही.

एक मागते. फोनवर एकदा बोलाल त्यांच्याशी? राग सोडा असं म्हणत नाही. नुसता आवाज त्यांच्या कानावर पडू दे.

पुतणी

३० जून

काका,

'जरा बाहेर जाऊन आले' हे खोटं होतं. दोन दिवस ते वाक्य टोचतंय, म्हणून परत लिहायला बसले.

चित्र लपवल्यावर बाबांनी आईला विचारलं, दादा कुठे गेला? आई बिचारी म्हणाली, आज नाही आले. ती पाण्याचा तांब्या भरायला उठली आणि आतल्या खोलीच्या जिन्याकडच्या दाराने बाबा निघून गेले. पायात काही न घालता. मला पडद्यावर त्यांची रिकामी खुर्ची दिसत होती, आणि मी ड्रायव्हर आजोबांना त्यांच्या पहिल्या गाडीचा रंग विचारत होते. वाटलं, बाथरूमला गेले असतील. गटात मी त्यांची मुलगी नाही ना. मग आईने मधलं दार उघडलं आणि जिन्याकडच्या उघड्या दाराकडे बोट दाखवलं.

गट तसाच टाकून मी धावले. पहिल्यांदाच असं केलं. कोपऱ्यावरचा न्हावी, औषधाचं दुकान, बागेतली बाकं, सगळीकडे विचारलं. मोबाइलमधला फोटो दिसेल त्याला दाखवत सुटले. पोलीस चौकीच्या पायऱ्या चढले आणि तिथेच आठवलं. आपलं जुनं दुकान.

आता तिथे चष्म्याचं दुकान आहे. दुकानदार भला माणूस. अनवाणी म्हातारा आत येऊन 'मालक आहेत का' असं विचारतोय, म्हटल्यावर त्याने त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. पण काका, चष्म्याच्या दुकानात काय असतं? आरसे. भिंतीवर आरसे, काउंटरवर आरसे, खांबाला आरसे. ते मधोमध बसले होते आणि सगळीकडे तुम्ही होतात. मी गेले तेव्हा ते रडत होते. मला म्हणाले, "बघ ना, जिकडे बघावं तिकडे हाच. आणि एक शब्द बोलत नाही."

पाय सोलवटले होते. घरी आणून धुतले. आई गरम पाणी ओतत होती आणि आम्ही दोघी एकमेकींकडे बघायचं टाळत होतो.

मॅडमना सांगावं लागलं. त्या रागावल्या नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं. म्हणाल्या, गटाचा त्यांना उपयोग व्हायचा सोडून त्रास होतोय, आणि बाकीच्यांचाही वेळ मोडतो. येत्या गुरुवारी त्यांना बसवू नकोस. त्याच्या पुढच्या, ११ तारखेच्या गुरुवारी एकदा बघू, तेव्हाही हेच झालं तर त्यांचं नाव काढू. त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं.

पण नाव काढलं की पुन्हा ती भिंत. मी या कामात आहे, भिंतीकडे बसलेल्या माणसाचं पुढे काय होतं ते मला पुस्तकात वाचावं लागत नाही. चित्र दाखवलं तर विनवण्या करतात, लपवलं तर शोधायला निघतात. दाराला कुलूप घालू का? त्यांनाच कोंडून ठेवू?

ते कोपऱ्याला काय सांगायला बघतात ते मी ऐकलंय. मधलं दार पातळ आहे. मी थांबायला पाहिजे होतं दादा, असं म्हणतात. एवढंच. पुन्हा पुन्हा एवढंच. आजीच्या वेळी तुमची गाडी वाटेत असताना त्यांनी सगळं उरकून टाकलं, तुम्हाला तिचं शेवटचं तोंडही बघायला मिळालं नाही, हे मला माहीत आहे. का केलं तसं, ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि आता विचारून उपयोग नाही. ते बरोबर होते असं मी म्हणणार नाही. पण बाकी सगळं पुसलं जातंय आणि हे एक राहिलंय.

तुमची, लहानपणी जिला बडबडी म्हणायचात ती

५ जुलै

काका,

काल सूनबाईंनी फोन घेतला. म्हणाल्या, पत्रं पोचलीत. तुमच्या उशाशी आहेत, उघडून, वाचून, पुन्हा घडी घालून ठेवलेली. म्हणजे तुम्ही वाचता. मी समजत होते, फाडून टाकत असाल. तेच बरं झालं असतं.

वाचता आणि गप्प बसता. मग तुमच्यात आणि त्या चौकटीतल्या चित्रात फरक काय राहिला? त्याला निदान आवाज नाही म्हणून ते बोलत नाही.

काल गुरुवार होता. बाबांना गटात बसवलं नाही. त्यांनी बंद टॅबलेट मांडीवर घेतला आणि दुपारभर भिंतीशी बसून राहिले. ताट तसंच परत गेलं. बाहेर माझा गट चालू होता, विषय होता आवडती गाणी, आणि हेडबाईंनी विचारलं, मागच्या बाकावरचा मुलगा आज गैरहजर का? मी म्हटलं, आजारी आहे. मग मी माझा कॅमेरा थोडा वेळ बंद केला. आमच्या नियमात हे बसत नाही.

माझा राग आला असेल तर येऊ द्या. मी आता पोचपावतीची वाट बघणार नाही. ११ तारखेला, गुरुवारी, दुपारी एक वाजता आमचा गट बसतो. मॅडमना विचारलंय, पाहुणा चालेल म्हणाल्या. सूनबाई जोडून देतील, त्यांना सगळं सांगून ठेवलंय. चित्रही मी परत दाखवणार आहे, त्याशिवाय ते खुर्चीत बसत नाहीत.

यायचं नसेल तर येऊ नका. पण मग पत्रंही परत पाठवून द्या.

बडबडी

१२ जुलै

काका,

तुम्ही आलात.

तुमच्या बाजूला काय दिसलं ते तुम्हाला ठाऊक आहे. इकडे काय झालं ते लिहिते. तुम्हाला कळायला हवं.

 बाबांना इस्त्रीचा शर्ट घातला, ते जेवले नाहीत, दादा येऊ दे, म्हणाले. जिन्याकडच्या दाराला आईने आपली खुर्ची टेकवून ठेवली आणि तिच्यावर स्वतः बसली. गट सुरू झाला. मी विषय घेतला होता जुने आवाज. ड्रायव्हर आजोबांनी हॉर्न काढून दाखवला. माझं लक्ष कुठे होतं देव जाणे. आणि एक नवीन चौकट उघडली. त्यात अर्धं कपाळ आणि वरचा पंखा. मग कोणीतरी कॅमेरा खाली केला आणि तुम्ही दिसलात. किती म्हातारे झालात, काका.

तुम्ही बोललात. ओठ हलले. आवाज आला नाही. माईक बंद होता हो तुमचा, आणि मी 'माईक, माईक' असं खुणावत होते ते तुम्हाला कळत नव्हतं. त्या क्षणी मला वाटलं, जमीन दुभंगावी. बाबा आईला म्हणाले, हे नवीन गृहस्थ कोण? यांचाही आवाज येत नाही.

ओळखलं नाही त्यांनी तुम्हाला. तुमच्या चेहऱ्यावर ते कळलं मला. पुढे ते जे बोलले ते तुम्ही ऐकलंच, पण मी दोनदा ऐकलं, दारातून आणि कानातून. तुम्हाला परका समजून त्यांनी नमस्कार केला आणि कोपऱ्याकडे बोट दाखवलं.

"तो माझा मोठा भाऊ. बोलत नाही माझ्याशी. आई गेली तेव्हा मी त्याच्यासाठी थांबलो नाही. तुम्ही वयाने मोठे दिसता, जरा सांगून बघा त्याला."

आणि तुमची चौकट काळी झाली.

तुम्ही निघून गेलात असंच मी धरलं. संपलं. मॅडमही बघत होत्या, त्यांनी हळूच मान खाली घातली. मी पुढचा विषय काढायला तोंड उघडलं, कारण गट थांबवायचा नसतो. तेवढ्यात तुमच्या काळ्या चौकटीवरची माईकची खूण बदललेली दिसली.

"छोट्या," तुम्ही म्हणालात.

मी पडद्यावर फक्त बाबांकडे बघत होते. ते तुमच्या काळ्या चौकटीकडे वळलेच नाहीत. कोपऱ्याकडे वळले. ऐकताना त्यांचं तोंड मिटलेलं, म्हणून चित्राचंही मिटलेलं. पण ज्या माणसाने जन्मभर नुसत्या आवाजावरून स्टेशन ओळखलं, त्याला तोंड हललं काय आणि नाही काय.

"थांबला नाहीस ते लागलं मला. फार लागलं," तुम्ही म्हणालात. "आता राहू दे ते. जेवलास का?"

 मग बाबा, आपल्या दुकानात सेट सुरू झाला की म्हणायचे त्याच सुरात, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आला. आवाज आला." आणि मग खालच्या आवाजात, फक्त कोपऱ्याला, "नाही जेवलो. तुझ्यासाठी थांबलोय."

हे तुम्ही ऐकलंत की नाही मला माहीत नाही. तुमच्याकडून नुसता खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि जोडणी तुटली. हेडबाईंना काय समजलं कोण जाणे, त्या म्हणाल्या, शाबास, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी नियम मोडून मधलं दार उघडलं. गटात असताना पहिल्यांदा मुलगी म्हणून आत गेले.

आईने ताट वाढून आणलं. टॅबलेटसमोर बसून त्यांनी सगळं संपवलं, ताटात काही ठेवलं नाही. घास घेताना कोपऱ्याकडे बघायचे, तिकडचाही घास घेत होता. बघ, तोही जेवतोय, असं आईला सांगितलं त्यांनी. आई पदराने डोळे पुसत म्हणाली, हो, दोघंही भुकेले होतात.

मॅडमचा संध्याकाळी फोन आला. नाव काढणार नाहीत. हे शास्त्रात बसतं की नाही ते मी नंतर बघेन, असं म्हणाल्या.

आता जे सांगायला हे पत्र लिहितेय ते सांगते. आज सकाळी बाबा चहा पिता पिता मला म्हणाले, दादा माझ्याशी बोलत नाही गं, मी थांबलो नव्हतो ना. काल काय झालं ते रात्रीतच पुसलं गेलंय. मी कप खाली ठेवला आणि आत जाऊन रडले. म्हटलं, इतकं करून हातात काय आलं? आई मला म्हणाली, काल जेवले ना पोटभर? मग.

या आजारात राग एकदा सोडून भागत नाही, काका. त्यांना तो सोडलेला आठवत नाही. कालच्यासारखा तो दर गुरुवारी नव्याने सोडावा लागेल, आणि तुमचं वय, तुमचा स्वभाव, सगळं माहीत असून मी तुमच्याकडे हे मागतेय. तुमचा चेहरा त्यांनी ओळखला नाही, हे तुम्हाला किती लागलं असेल त्याची मला कल्पना आहे. कॅमेरा तुम्ही मुद्दाम बंद केलात की डोळे भरून आले म्हणून, ते मी विचारणार नाही. पण तो बंदच ठेवा. चेहरा त्यांच्याकडे आहे, आवाज तेवढा तुमचा लागतो.

माईक मात्र सूनबाईंकडून आधी चालू करून घ्या. गुरुवारी ते पुन्हा तुमच्यासाठी जेवायचे थांबतील.

तुमची बडबडी